१५ लाईट

[नागपूर रेल्वे स्टेशन, सकाळ. गर्दीतून बाहेर पडणारी माणसं.]

गोंदियाकडची गाडी आली की स्टेशनाबाहेरचे ऑटोवाले पुढे सरसावतात. कुणाच्या काखेत रिपोर्टांची जाड फाइल दिसली, सोबत डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली एखादी बाई दिसली, तर ते "कुठं जायचं?" असं विचारत बसत नाहीत. "तुकडोजी, का मेडिकल?" एवढंच. मानेवाडा रोडचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, शासकीय मेडिकल कॉलेज, वर्धा रोडवर जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट. अख्खा पूर्व विदर्भ आणि पलीकडचे छिंदवाडा, बालाघाट, सिवनी कॅन्सर म्हटलं की नागपूरची वाट धरतात.

[रेडिएशन विभागाचा वेटिंग हॉल.]

कागदावर लिहिलेलं असतं रेडिओथेरपी, म्हणजे किरणांचा इलाज. या हॉलमध्ये मात्र सगळ्या बायका लाईट म्हणतात.
"तुमचे किती झाले?"
"नऊ. सहा राहिले."

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, गाठ निघाली, किमोही झाला, आता परत लाईट कशाला? घरचे हे हमखास विचारतात, आणि विचारायलाच हवं. गाठ हाताला लागते, सोनोग्राफीत दिसते. तिच्या आसपास राहून गेलेल्या पेशी ना दिसतात, ना हाताला लागतात. अमेरिकेत १९७६ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला आणि त्यातल्या बायकांची २० वर्षं नोंद ठेवली गेली. पूर्ण स्तन न काढता फक्त गाठ काढली आणि लाईट दिले नाहीत, अशांपैकी सुमारे ३९ टक्के जणींना त्याच स्तनात कॅन्सर परत झाला. लाईट घेतलेल्यांमध्ये हा आकडा १४ टक्क्यांच्या आसपास राहिला. शिवाय गाठ काढलेल्या बायका पूर्ण स्तन काढलेल्या बायकांइतकीच वर्षं जगल्या. २००२ साली हे निकाल छापून आले.

म्हणजे गाठ वेळेत सापडली तर बहुतेकदा स्तन वाचवता येतो. त्यासाठी लाईट मात्र पूर्ण घ्यावे लागतात.

[रस्ता. एसटीच्या खिडकीतून धानाची बांधी.]

हे विदर्भात बोलायला सोपं, करायला अवघड. गडचिरोली नागपूरपासून सुमारे १७० किलोमीटर, आणि भामरागड तिथून पुढे आणखी जवळजवळ तेवढंच. जुन्या पद्धतीत २५ लाईट असत. सोमवार ते शुक्रवार, रोज एक, असे पाच आठवडे. रोवणी तोंडावर आलेल्या घरातल्या बाईनं पाच आठवडे नागपुरात खोली करून राहायचं, सोबतीला एक कमावता माणूस अडकवायचा, हे जमायचं कसं? मग घरातलंच कुणी म्हणतं, "पूर्णच काढून टाका, लाईटची भानगड नको." बाईला कुणी विचारतंच असं नाही. छातीवर काय राहणार, हे अशा वेळी एसटीच्या वेळापत्रकावर ठरतं.

आणि एवढं करूनही सुटका होईलच, याची खात्री नसते. गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असली, किंवा आजार काखेतल्या चार किंवा जास्त लिम्फ नोडपर्यंत, म्हणजे तिथल्या बारीक ग्रंथींपर्यंत, पोचलेला असला, तर पूर्ण स्तन काढल्यावरही लाईट लागतात. आपल्याकडे आजार उशिरा कळतो, त्यामुळे हे वारंवार घडतं. स्तनही गेला आणि नागपूरही चुकलं नाही.

[सीटी सिम्युलेटरची खोली.]

लाईट सुरू होण्याआधी एक दिवस मोजमापाचा. बाईला तिरप्या फळीवर झोपवतात, हात डोक्याच्या वर एका आधारावर ठेवतात आणि सीटी स्कॅन काढतात. याच स्थितीत रोज झोपायचं असतं. इथे अनेकींचं घोडं अडतं ते हातापाशी. ऑपरेशननंतर दुखतं म्हणून हात अंगाशी धरून ठेवलेला असतो, खांदा आखडतो, आणि मग तो वर जातच नाही. हात वर गेला नाही तर स्कॅन पुढे ढकलायची पाळी येते. भिंतीला बोटं लावून एकेक इंच वर चढायचा तो कंटाळवाणा व्यायाम फिजिओथेरपीवाले एवढ्यासाठीच मागे लागून करून घेतात.

मग कातडीवर सुईनं टोचलेले बारीक ठिपके. तिळाएवढेही नसतात, पण जात नाहीत.

[लिनॅकची खोली. जाड दरवाजा. भिंतीतून येणाऱ्या लेझरच्या रेषा.]

"काकू, हात वर. अंग ढिलं सोडा. मी हलवीन, तुम्ही हलू नका."

लेझरच्या रेषा ठिपक्यांवर बसेपर्यंत टेक्नॉलॉजिस्ट तिला चादरीसकट मिलिमीटरनं सरकवतो. खरा वेळ यातच जातो. मग सगळे बाहेर, दार बंद. आत ती एकटी असते, पण कॅमेऱ्यात दिसते आणि बोलली तर ऐकू येतं. लाईट देणाऱ्या या लिनॅक यंत्रात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास वेगानं टंगस्टनवर आदळवतात, त्यातून ताकदवान एक्स-रे निघतात. समोरून थेट मारा करत नाहीत. छातीच्या गोलाईला घासून जातील असे दोन बाजूंनी तिरपे सोडतात, म्हणजे फुप्फुस आणि हृदय शक्य तितकं वाचतं. डाव्या बाजूचा आजार असेल तर काही ठिकाणी माइकवरून सांगतात, "श्वास घ्या... धरून ठेवा." छाती फुगली की हृदय थोडं मागे सरकतं. साधारण २० सेकंद. सोडा. परत.

दुखत नाही. दिसतही नाही काही. पहिल्या दिवशी बाहेर आलेल्या बाईच्या चेहऱ्यावर बहुतेक वेळा "एवढंच?" असं असतं.

बाहेर एक आजी डॉक्टरांना गाठून हळूच विचारते, "नातवाले मांडीवर घेतलं तं चालते का जी?" चालतं. यंत्र बंद झालं की किरण संपले. अंगात काही साठत नाही, ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. हे घरी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगावं, कारण सुनेच्या नाही तर शेजारणीच्या मनात ती भीती असतेच.

[नोंदवहीचं पान. तारखांपुढे सह्या.]

सगळे किरण एकाच दिवशी का देत नाहीत? किरण पेशींचा डीएनए तोडतात, चांगल्या पेशींचाही. पण चांगल्या पेशी २४ तासांत बऱ्याच सावरतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही. म्हणून थोडं थोडं, रोज. किती थोडं, यावर इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं काम केलं. ५० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचं माप) २५ दिवसांत देण्याऐवजी ४० ग्रे १५ दिवसांत दिले, तर आजार आटोक्यात ठेवण्यात काही फरक पडला नाही, उलट कातडीला त्रास कमी झाला. २५ वरून १५. मोठ्या शहरातल्या माणसाला यात दहा चकरा वाचल्या असं वाटेल. गडचिरोलीच्या घराला दोन आठवड्यांचं खोलीभाडं आणि सोबतच्या माणसाची तेवढी मजुरी वाचली.

[मे महिना. रस्त्यावर कुणी नाही. खिडकीतला कूलर.]

त्रास होतो तो कातडीला आणि थकव्याचा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कातडी लाल होते, मग काळवंडते. काखेत आणि स्तनाच्या खालच्या घडीत सोलवटते. नागपूरच्या ४५ अंशांत या घडीत घाम साचणं म्हणजे शिक्षाच. ढिलं सुती पोलकं, कोमट पाणी, टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. हळद, चंदनाचा लेप, पावडर, डिओ, गरम पाण्याची पिशवी, यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. उन्हात निघताना नागपूरच्या पोरी बांधतात तसा दुपट्टा, गळ्याखालपर्यंत. आणि एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही म्हणून घाबरगुंडी उडते : शेवटचा लाईट झाल्यावर पुढचा आठवडा-दीड आठवडा कातडी आणखी बिघडते, मग सुधारायला लागते.

मध्येच चार दिवस गावी जाऊन येऊ, असं मात्र करू नये. खाडे पडले की इलाजाचा जोर कमी होतो.

[योजनेची खिडकी. रांग.]

खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत लाईट येतात. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला तिकिटात सवलत मिळते, त्यासाठी हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. एसटीतही सवलत आहे. राहायची सोय मात्र ज्याची त्याला शोधावी लागते, आणि खरी दमछाक तिथेच होते.

आता ५ लाईटचीही पद्धत आली आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात ४,००० हून जास्त रुग्ण होते. त्यात २६ ग्रे पाच दिवसांत दिले, आणि पाच वर्षांनी पाहिलं तर निकाल १५ लाईटच्या बरोबरीचे होते. सोमवारी यायचं, शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं परत. सगळ्यांना हे लागू होत नाही. आजार कुठवर पसरला, ऑपरेशन कोणतं झालं, यावर ते ठरतं, आणि तरुण बायकांना गाठीच्या जागेवर आणखी काही जादा लाईट बऱ्याचदा द्यावे लागतात.

म्हणून "मला लाईट लागणार का, आणि १५ की ५?" हे सर्जनच्या टेबलासमोर बसलेलं असतानाच विचारावं, ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी. गाठ काढायची की पूर्ण स्तन, हे त्या उत्तरावर बदलू शकतं, आणि स्तन एकदा काढल्यावर ते बदलता येत नाही.