कागद कोणाच्या टेबलावर जाणार?

(मराठीच्या शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

दहावीच्या कृतिपत्रिकेत पत्रलेखनाचा प्रश्न सोडवताना मुलं सहीच्या जागी अ. ब. क. लिहितात. ते योग्यच आहे, उत्तरपत्रिकेवर ओळख उघड व्हायला नको. पण अशा पत्रांचे गठ्ठे तपासताना मला दर वर्षी एकच गोष्ट खुपायची. लिहिणाऱ्याला नाव नाही हे समजू शकतं, पण या पत्रांना वाचणाराही कोणी नसतो. 'प्रति, माननीय व्यवस्थापक' असं लिहिणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे व्यवस्थापक येत नाही. लाल पेन घेऊन बसलेल्या बाई येतात, आणि बाईंना काय आवडतं ते त्याला पाठ असतं.

आपण आराखडा शिकवतो. दिनांक कुठे, विषय कुठे, 'आपला विश्वासू' कोणत्या बाजूला. आराखड्याशी माझं भांडण नाही, उलट त्याची मला ओढ आहे. जुनी मोडी पत्रं बघा. 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' हा मायना ज्याला त्याला लावत नसत. कोणाचा मान काय, नातं काय, यावर मायना ठरायचा आणि चिटणिसाला तो चुकवून चालत नसे. राजपत्राच्या शेवटी मोर्तब उठवत. शिवाजी महाराजांच्या मोर्तबेवर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरं आहेत. मजकुराची मर्यादा इथे संपली, याखाली कोणी ओळ घुसडू नये, ही त्या ठशाची कामगिरी. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतो, तो इथलाच. म्हणजे पत्रातल्या प्रत्येक जागेला काम होतं. आज आपण जागा शिकवतो आणि काम सांगायचं विसरतो. 'विषय' ही ओळ कशासाठी, असं नववीच्या वर्गात विचारा. 'त्याला गुण असतात,' हे उत्तर मला एकदा नाही, पुष्कळदा मिळालं आहे. आवक बारनिशीत, म्हणजे कार्यालयात आलेल्या कागदांच्या वहीत, नोंद करणारा माणूस फक्त तेवढी ओळ वाचतो आणि तिच्यावरून कागद कोणत्या टेबलावर जाणार ते ठरवतो, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

माझ्या वर्गातलं एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. आमची शाळा साडेदहाला भरते आणि खालच्या वस्त्यांवरून मुलांना आणणारी एसटी पावणेअकराच्या पुढे पोचायची. रोजचा पहिला तास बुडायचा. नववीच्या मुली म्हणाल्या, आगार व्यवस्थापकांना अर्ज करूया. मी म्हटलं, करा. पहिला खर्डा आला तो असा : 'एसटी ही ग्रामीण महाराष्ट्राची जीवनवाहिनी आहे. आज मुलगी शिकली तर घर शिकते. परंतु अत्यंत खेदाने नमूद करावेसे वाटते की...' पान भरलं होतं. अक्षर सुंदर. परीक्षेत मी याला भरघोस गुण दिले असते, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं आणि वाईट वाटलं.

मग आम्ही आगार व्यवस्थापक कोण असतो यावर बोलत बसलो. एका मुलीचे काका वाहक. ती म्हणाली, एका फेरीची वेळ हलवली तर त्या गाडीच्या पुढच्या फेऱ्या हलतात, चालक-वाहकांची ड्युटी हलते. म्हणजे या माणसाला एसटीची थोरवी ऐकायची नाही, त्याला कोणती फेरी, किती मिनिटं आणि किती प्रवासी हे हवं आहे. मुलींनी आठ दिवस थांब्यावर उभं राहून गाडीची वेळ वहीत टिपली. पासधारक मुलांची यादी केली, सदतीस भरली. दुसऱ्या खर्ड्यात विषयाची ओळ झाली : 'सकाळच्या फेरीची वेळ पंचवीस मिनिटे अलीकडे आणण्याबाबत'. खाली तीन छोटे परिच्छेद, सोबत आठ दिवसांच्या वेळांचा तक्ता. 'जीवनवाहिनी' गेली. ती कोणी खोडायला लावली नाही, तक्ता समोर आल्यावर मुलींनीच काढून टाकली.

आणि मग लिहिण्याचा खरा अभ्यास सुरू झाला, कारण हीच अडचण आणखी दोघांना कळवायची होती. सरपंचांना लिहिताना वेळांचा तक्ता उपयोगाचा नव्हता. त्यांच्याकडून हवा होता ग्रामसभेचा ठराव, म्हणून ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा एवढीच विनंती. वस्तीवरच्या पालकांना सह्यांसाठी लिहायचं तर 'महोदय' चालेना. 'आपणांस कळविण्यात येते की' असं एकीनं लिहिलं, तेव्हा दुसरी म्हणाली, 'अगं, माझी आजी हे वाचून घाबरेल, तिला वाटेल नोटीस आली.' तिच्या या वाक्यानं वाचकभान वर्गात जेवढं समजलं, तेवढं मला पुस्तकातून कधी समजावता आलं नव्हतं. पालकांचा कागद शेवटी 'काका-काकूंना नमस्कार' असा सुरू झाला आणि सह्या कुठे करायच्या त्या चौकटीवर संपला.

भाषेबद्दल थोडं. 'सदर', 'उपरोक्त', 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा', 'उचित कार्यवाही व्हावी' हे मुलं आपल्याकडूनच उचलतात. १९६४चा राजभाषा अधिनियम झाला, भाषा संचालनालयानं पदनाम कोश आणि शासन व्यवहार कोश तयार केले, त्यातून मराठीला कामाचे शब्द मिळाले. ठराव, पोच, जावक क्रमांक, ज्ञापन : हे शब्द शिकवलेच पाहिजेत, त्यांच्यावाचून अडतं. पण 'उचित कार्यवाही' शिकवू नका. उचित काय ते लिहिणाऱ्यानंच सांगायचं असतं. 'वेळ बदलावी', 'खांबावरचा दिवा बदलावा', 'दाखल्याची प्रत द्यावी' अशी क्रिया लिहिली की वाचणाऱ्याच्या हाताला काम मिळतं.

या सवयीसाठी वर्गात माहिती अधिकाराच्या अर्जासारखा सराव नाही. २००५च्या या कायद्यानुसार अर्जदारानं कारण सांगायची गरज नसते. महाराष्ट्राच्या २०१२च्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत असावा लागतो, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. इतकी काटेकोर चौकट मुलांना आयती कुठे मिळणार? पहिल्या वेळी सगळी मुलं लिहितात, 'आमच्या वस्तीचा रस्ता का खराब झाला?' त्याला उत्तर मिळणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००८ मध्येच म्हटलं आहे की 'का'चं उत्तर हे या कायद्यातल्या माहितीच्या व्याख्येत बसत नाही. कार्यालयाकडं जे नोंदलेलं आहे ते मागायचं. कामाच्या आदेशाची प्रत, अंदाजपत्रकाची प्रत, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदींच्या प्रती, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. रागाचं रूपांतर मागणीत करायला मुलं इथे शिकतात. राग खोटा नसतो, पण तो कागदावर तसाच ओतला तर समोरच्याला बाजूला ठेवायला सोपा जातो.

आणि पोच. अर्जाची दुसरी प्रत न्यायची, तिच्यावर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय परतायचं नाही, हे मी लेखनाच्या तासालाच शिकवते. कोणी म्हणेल, हा काही भाषेचा भाग नाही. माझ्या मते आहे. माझ्या वडिलांनी एका कार्यालयात दिलेला अर्ज 'मिळालाच नाही' असं दीड वर्षानं सांगण्यात आलं, आणि आमच्याकडे दाखवायला एक चिटोरंही नव्हतं. त्यांचा अर्ज मी वाचला होता, त्यात एक चूक नव्हती.

मुलींच्या अर्जाला दोन महिन्यांनी आगारातून उत्तर आलं. वेळ बदलल्याचं नव्हे. ग्रामसभेचा ठराव आणि मुख्याध्यापकांच्या सहीची पासधारकांची यादी पाठवावी, असं त्यात होतं. ठराव तोवर झाला होता. मुली उत्तर लिहायला बसल्या. 'विषय'च्या खाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली, 'संदर्भ : आपले पत्र', आणि आलेल्या पत्राच्या डोक्यावरचा जावक क्रमांक एकीनं मोठ्यानं वाचून दाखवला, दुसरीनं आकडा-आकडा करून उतरवून घेतला. ही ओळ मी त्यांना पाचवीपासूनच्या प्रत्येक वर्षी फळ्यावर लिहून दिली होती. त्या दिवशी कोणी फळ्याकडे पाहिलं नाही.