पंगतीनंतर पोट बिघडलं तर सांगा तरी!

राम राम मंडळी! लग्नसराई आली की आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे वरण-बट्टीची पंगत ठरलेलीच, आणि एखाद्या पंगतीनंतर रात्री चार घरांत उलट्या-जुलाब सुरू होतात, मग मेडिकलवरून गोळी आणायची, साखर-मिठाचं पाणी प्यायचं, बरं वाटलं की विषय संपला. पण याची नोंद कुठेच होत नाही, आणि मला खरंच वाईट वाटतं ते याचंच.

नोंदीची सोय नाही असं नाही हो. सरकारचं एकात्मिक रोग सर्वेक्षण, म्हणजे साथींवर लक्ष ठेवायला आजारांची नोंद घ्यायचं काम, 2004 पासून चालू आहे. गावात सिस्टर लक्षणं लिहिते, डॉक्टर अंदाजाने निदान लिहितात, लॅब पक्का रिपोर्ट देते. पण जो दवाखान्यात गेलाच नाही तो सुटला, गेला पण संडासचा नमुना दिला नाही तो लॅबच्या आकड्यातून सुटला. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं की दूषित अन्नाने वर्षाला 60 कोटी लोक आजारी पडतात, 4 लाख 20 हजार दगावतात, त्यात सव्वा लाख पाच वर्षांखालची लेकरं! हा अंदाजच आहे, कारण सगळे मोजले जातच नाहीत.

अमेरिकेत 1996 पासून फूडनेट नावाचं काम चालतं, तिथे लॅबचे रिपोर्ट तर गोळा करतातच, वर लोकांना फोन करून विचारलं की जुलाब झाले होते का, डॉक्टरकडे गेलात का, नमुना दिला का, म्हणजे सुटलेले किती ते काढता येतं. आणि हो, आकडा वाढला म्हणजे आजारच वाढला असं नाही, तपासण्या वाढल्या तरी तो वाढतो.

आपल्या हातात काय, तर वेळ लक्षात ठेवणं. जेवल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर स्टॅफ नावाच्या जंतूच्या विषाचा संशय येतो, ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. सहा ते चोवीस तासांत पोटात मुरडा आणि जुलाब असतील तर मोठ्या पातेल्यातलं, दुपारपासून झाकून कोमट राहिलेलं वरण आठवून बघा, परफ्रिंजन्स नावाचा जंतू तिथेच वाढतो. साल्मोनेला नावाच्या जंतूचा त्रास सुरू व्हायला तर कधी कधी सहा दिवसही लागतात.

तेव्हा आशाताईंना लगेच कळवा, कोण कोण जेवलं, कोणाला किती वाजता त्रास झाला ते सांगा, अँटिबायोटिक घ्यायच्या आधी नमुना द्या, आणि उरलेलं वरण फेकू नका, कोणाला खाऊही देऊ नका, स्वच्छ डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, आरोग्य पथक आलं की मागेल.