पिशवीतल्या पट्ट्या

(दृश्य : रात्र, नाशिकचा मुंबई नाका. १०८ची रुग्णवाहिका.)

रात्रीचे सव्वादोन. दिवसा हीच गाडी द्वारका चौकात अडकली असती. आत्ता रस्ता मोकळा आहे.

आत बावीस वर्षांची मुलगी. हाकेला ओ नाही. छातीच्या हाडावर मुठीनं चोळलं तर कपाळावर जेमतेम आठी पडते. शेजारी आई, हातात एक कॅरीबॅग. ती पिशवी लक्षात ठेवा.

(दृश्य : आयसीयू. व्हेंटिलेटरचा पडदा.)

गोळ्या खाऊन आलेल्या पेशंटसाठी इथं पहिलं काम उतारा शोधणं नाही, श्वास सांभाळणं. शुद्ध गेली की जीभ मागे पडते, उलटी फुप्फुसात उतरते. गोळ्यांतून वाचलेला माणूस मग न्यूमोनियानं जातो. म्हणून आधी घशात नळी. "एकवीसला फिक्स," डॉक्टर सांगतात. नळी दातांपाशी किती सेंटिमीटरवर बसली तो हा आकडा. सिस्टर लिहून घेतात, चिकटपट्टी लावतात.

मग नाकातून पोटात दुसरी नळी, आणि तिच्यातून काळं पाणी. हा कोळसाच, औषधी. पोटात उरलेली गोळी तो धरून ठेवतो. त्याचा खरा उपयोग साधारण पहिल्या तासात, पण गोळ्या केव्हा घेतल्या हेच कुणी सांगत नाही, म्हणून देऊन बघायचं. चादरीवरचा हा डाग सोड्यानंही जात नाही, अशी मावशींची तक्रार.

(दृश्य : दाराबाहेरचा बाक.)

"काय घेतलं होतं?"

"काही नाही साहेब, चक्कर आली."

आम्ही इथं चित्रीकरण करत होतो तेवढ्या रात्रींत हे उत्तर इतक्यांदा ऐकलं की नंतर माईक पुढे करणंच सोडून दिलं. भीती पोलिसांची. एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल नोंद होते, चौकीला कळवलं जातं, हे खरंच. पण २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ म्हणतं, वेगळं काही सिद्ध झालं नाही तर आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही. जुलै २०२४पासून आलेल्या न्याय संहितेत अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमही उरलेलं नाही. बाकावर बसलेल्यांना हे कोण सांगणार?

रक्त-लघवीत कळेलच की, असं वाटतं. पण लघवीची पट्टी औषधांचे मोजकेच गट ओळखते. अफूच्या जातीचं काही असेल तर डोळ्याची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते, नॅलोक्सोन हा उतारा देता येतो. एमडीला, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पदार्थाला उतारा नाही. झटके, ताप आणि धडधड आवरत बसायचं. शिंदे गावातला एमडीचा कारखाना २०२३मध्ये पकडला तेव्हा नाशिकभर चर्चा झाली. आम्ही पाहिलेल्या खाटांवर मात्र घरच्या कपाटातल्या गोळ्याच जास्त होत्या.

सगळ्यांत फसवी पॅरासिटामॉल. पहिल्या दिवशी पेशंट चहा मागतो, लिव्हर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलायला लागतं. उतारा आहे, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. आठ तासांच्या आत सुरू झाला तर लिव्हर बहुतेक वेळा वाचतं. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेचं माहिती केंद्र आहे, डॉक्टर तिथं रात्रीसुद्धा फोन लावू शकतात. पलीकडून पहिला प्रश्न तोच येतो : काय घेतलं, केव्हा?

(दृश्य : पावणेचार. हातांचा क्लोजअप.)

कॅरीबॅगची गाठ सुटते. पाण्याची बाटली, आधार कार्ड, गुंडाळलेला टॉवेल. टॉवेलात दोन रिकाम्या पट्ट्या. एक आजोबांच्या झोपेच्या गोळ्यांची. दुसरी डॉक्टर ट्यूबलाइटकडे धरतात, फाटलेल्या चांदीवरची अक्षरं जुळवतात. पॅरासिटामॉल. "अकरापर्यंत टीव्हीपुढं होती," आई म्हणते. म्हणजे पाच तास अजून झालेले नाहीत.

सलाईनच्या बाटलीवर लाल पेनानं औषधाचं नाव, खाली वेळ : ३.५५.

(दृश्य : चौथा दिवस, सकाळ.)

वेळेत आयसीयूत पोचलेले बहुतेक जण या मुलीसारखे चालत घरी जातात; पुढच्या वर्षभरात पुन्हा तेच होण्याचा धोका मोठा असतो, म्हणून डिस्चार्ज कार्डाला मानसोपचार ओपीडीची चिठ्ठी टाचली आहे, तिच्यावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६. ओपीडीत आम्ही कॅमेरा नेला नाही.

फाटकाशी रिक्षा. मुलगी आधी बसते. आईच्या हातात तीच कॅरीबॅग, आता एक्स-रेचं पाकीट तिच्यात मावत नाहीये.