मागच्या रांगेत, उजवीकडून पहिला

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या वाईच्या घरात माजघराच्या भिंतीवर एक फोटो असायचा. सुतळीनं बांधून पुढे झुकवून टांगलेला. त्याच्यामागे चिमण्यांनी किती घरटी केली असतील, याची मोजदाद नाही. फोटो आमच्या काकांच्या मुंजीचा. मधोमध बटू, डोकं तुळतुळीत, हातात दंड. खुर्च्यांवर वडीलधारी, त्यांच्या पायाशी सतरंजीवर पोरंटोरं, मागे उभे पुरुष. एकूण एकोणीस माणसं. त्यातल्या अठरा जणांची नावं लागत होती. एकोणिसावा मागच्या रांगेत, उजवीकडून पहिला. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, काळी टोपी, कोट, मिसरूड नुकतं फुटलेलं. हा कोण, ते कुणालाच सांगता येईना.

घर विकायचं ठरलं तेव्हा फोटो खाली उतरवला. बघते तर वरची कड काचेला चिकटलेली. तुमच्याकडे असं असेल तर काच ओढून काढू नका बरं का. चित्र असतं जिलेटिनच्या पातळ थरात, आणि पावसाळ्याच्या दमटपणात तो थर काचेला धरून बसतो. ओढलं की चेहरा काचेवर राहतो आणि कोरा कागद आपल्या हातात येतो. आम्ही काचेसकटच स्कॅन केला, सहाशे डीपीआयवर. आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, ही माझी पहिली चूक.

कारण पाच मिनिटांत एका चुलतभावानं लिहिलं, "इंदूरचे मामा." झालं! मग प्रत्येकाला तो इंदूरचा मामाच दिसायला लागला. नाक मामांचं, कान मामांचे, उभं राहण्याची ढबसुद्धा मामांची. ज्यांनी मामांना जन्मात पाहिलं नव्हतं, त्यांनाही खात्री पटली. एकदा कुणी नाव उच्चारलं की बाकीच्यांची आठवण त्या नावामागे चालू लागते. म्हणून सांगते, विचारायचं तर एकेकाला वेगळं गाठून विचारावं, आणि आपल्याकडून नाव सुचवू नये.

मामांना बाद केलं ते तारखेनं. काकांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९३८. आता १ जून म्हटलं की आपण काय ते समजायचं. शाळा जूनमध्ये सुरू, पोराची तारीख आईबापांना सांगता येईना, की मास्तर १ जून घालून मोकळे! तेव्हा त्या वर्षावरही विसंबता येत नव्हतं. पण फोटोत आजीच्या मांडीवर माझे वडील आहेत, आधार देऊन बसवलेले, सहा-सात महिन्यांचे. त्यांचा जन्म मात्र पक्का ठाऊक, नोव्हेंबर १९४५. म्हणजे मुंज १९४६च्या उन्हाळ्यातली. त्या साली इंदूरच्या मामांनी तिशी ओलांडलेली होती.

मग आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढला. नातेवाईक नाशिकला चालले होते, त्यांना तीर्थोपाध्यायांच्या वहीत बघून यायला सांगितलं. त्या वह्यांमध्ये आपल्या पणजोबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली भावांची, मुलांची नावं सापडतात, अंगावर काटा येतो. नावं सापडलीही. पण त्या वयाचा, १९४६ साली वाईत असू शकेल असा एकही मुलगा नाही. कुलवृत्तांतात लेकींच्या सासरचा विस्तार फारसा नसतो, म्हणून आत्येघरं, मावसघरं सगळी धुंडाळली. तिथंही नाही.

या शोधात एक भलतंच कोडं मात्र सुटलं. फोटोच्या डाव्या कडेला, दाराच्या चौकटीत अर्धवट दिसणारी एक बाई आहे, काळंभोर लुगडं नेसलेली. माझी मुलगी म्हणाली, "मुंजीत काळं कोण नेसतं?" काळं नव्हतं ते. कॅमेऱ्यात फिल्मऐवजी घालायच्या जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना तांबडा रंग दिसत नसे, तो काळा उमटायचा. ते लाल आलवण होतं. विधवा झालेली आजोबांची बहीण, शुभकार्यात पुढं यायची सोय नाही म्हणून दारात उभी राहिलेली. त्या हिशेबानं फोटोतली सगळी काळी कुंकवंसुद्धा लालच.

तर, तो मुलगा. स्कॅन मोठा करून बघत होते तेव्हा चेहऱ्याऐवजी कोटाकडे लक्ष गेलं. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. खांदे मात्र उतरलेले. म्हणजे कोट आखूड आणि जाडसर माणसाच्या मापाचा. वरून दुसरी गुंडी बाकीच्यांपेक्षा मोठी, वेगळ्या जातीची. आजोबांच्या, म्हणजे नानांच्या, सत्काराचा एक फोटो आमच्याकडे आहे. त्यात आजोबांच्या अंगावर हाच कोट, तीच बेंगरूळ गुंडी.

आत्या नव्वदीला टेकली आहे, फोटोत ती दहा वर्षांची, सतरंजीवर. तिला आधी दोनदा विचारलं होतं, "हा कोण?" दोन्ही वेळा "नाही गं आठवत." या खेपेला मी फक्त म्हटलं, "आत्या, नानांचा कोट कुणाच्या अंगावर आहे गं?"

तिनं भिंग घेतलं. आणि हसायलाच लागली. "अगं, हा बुधवार!"

वार लावून जेवणारा मुलगा. तरुण श्रोत्यांसाठी सांगते: खेड्यातून शिकायला आलेल्या गरीब मुलाचं जेवण सात घरी वाटलेलं असे, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या. ही सोय बहुतेक ब्राह्मण मुलांपुरती होती, हेही सांगायला हवं. बाकीच्या पोरांसाठी साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांना १९२४ साली वेगळं वसतिगृह काढावं लागलं, आणि तिथं मात्र सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसली.

आमचा बुधवार अकराच्या सुमाराला यायचा, पाय धुवून पंगतीत शेवटी बसायचा, आपलं ताट आपण घासायचा. मग आत्याला पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, म्हणायला लावायचा. ती पावकीत हमखास अडखळायची. त्याचा गुरुवार रिकामा होता, कुठलंच घर मिळालं नव्हतं. म्हणून आजी निघताना फडक्यात दोन भाकऱ्या आणि लसणीच्या चटणीचा गोळा बांधून द्यायची. मुंजीच्या दिवशी फोटोवाला आला तेव्हा तो मागच्या दाराशी पाणी ओढत होता, उघडाच. आजीनं हाताला धरून आणला, खुंटीवरचा कोट अंगावर चढवला आणि रांगेत उभा केला.

"आणि नाव काय त्याचं?"

आत्या बराच वेळ गप्प. "बुधवारच म्हणायचो गं आम्ही. मॅट्रिक झाला आणि गेला."

मी फोटोच्या मागं लिहून ठेवलंय, मऊ शिसपेन्सिलीनं, कारण बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उमटते. "मागची रांग, उजवीकडून पहिला: बुधवार. कोट नानांचा."

त्याच्या स्वतःच्या घरी त्या वयातला त्याचा फोटो असेल असं मला वाटत नाही. ज्याला फोटोपुरता कोट उसना घ्यावा लागला, तो स्टुडिओत कशाला जातोय? तेव्हा श्रोतेहो, तुमचे कुणी आजोबा-पणजोबा वाईत वारावर जेवून १९४६-४७च्या सुमारास मॅट्रिक झाल्याचं सांगत असतील, गुरुवारच्या भाकऱ्यांची गोष्ट तुम्ही त्यांच्या तोंडून ऐकली असेल, तर या केंद्राच्या पत्त्यावर जरूर कळवा. फोटोची प्रत मी काढून ठेवली आहे. पत्र मात्र लवकर टाका, आत्या रोज विचारते.

नमस्कार.