आवाज तुटतोय, कारण रांग लागली आहे

(काळा पडदा. फक्त आवाज: "हॅलो... ऐकू येतंय का? अगं, तुझा आवाज तुटतोय.")

आमच्या घरी हे रात्री नऊनंतर हमखास ऐकू येतं. आई नागपूरच्या मावशीशी व्हिडिओ कॉलवर असते आणि आतल्या खोलीत धाकटा भाऊ लग्नाचं शूटिंग क्लाउडवर चढवत असतो. फाइल २ जीबीची. मावशीचा चेहरा थिजतो, ओठ तसेच राहतात, आणि मग तीन वाक्यं एकदम कानावर आदळतात. आई म्हणते, "नेटचं काहीतरी बघ रे." कितीतरी महिने माझं उत्तर एकच होतं: मोठा प्लॅन घेऊ.

(लॅपटॉपचा पडदा, अगदी जवळून. पिंगचे आकडे.)

हे आकडे बघा. एक छोटं पॅकेट, म्हणजे माहितीचा एक तुकडा, बाहेरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागलेला हा वेळ आहे. १८ मिलिसेकंद. १९. पुन्हा १८. आता भाऊ अपलोड सुरू करतो. ९०... ३१०... ६४०. लाइन तीच, प्लॅनही तोच. मग एवढा वेळ ते पॅकेट होतं कुठे? मोडेममध्ये, म्हणजे घराला बाहेरच्या लाइनशी जोडणाऱ्या डब्यात, भावाच्या फाइलमागे, रांगेत.

२०१० च्या सुमारास अमेरिकेत जिम गेटिस या संगणक अभियंत्यांना स्वतःच्या घरात हेच दिसलं. ते तेव्हा बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत होते. घरून मोठ्या फाइली पाठवताना उशीर एका सेकंदाच्या वर जात होता. त्यांनी तो सोडून दिला नाही, खणत गेले. या दुखण्याला त्यांनी नाव दिलं: बफरब्लोट.

त्याचं मूळ मजेशीर आहे. पाठवणारा संगणक आपला वेग कधी कमी करतो? सहसा एखादं पॅकेट वाटेत गळलं की. 'पुढे गर्दी आहे' हा निरोप त्याला तसाच मिळतो. पण मेमरी स्वस्त झाली, तसे यंत्रांमधले बफर, म्हणजे पॅकेट थांबवून ठेवायच्या जागा, मोठे होत गेले. पॅकेट गळू द्यायचं नाही, साठवून ठेवायचं. हेतू चांगलाच होता. पण काही गळेना, म्हणून निरोप जाईना, आणि रांग वाढतच राहिली.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन या नेटवर्क-संशोधकांनी 'कोडेल' ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे हे ती मोजतच नाही. पॅकेट किती वेळ ताटकळलं, एवढंच बघते. ताटकळणं १०० मिलिसेकंदभर सलग ५ मिलिसेकंदांच्या वर राहिलं, तर ती मुद्दाम एखादं पॅकेट गाळते. पाठवणाऱ्याला निरोप पोचतो. मला विचाराल तर, वेळ मोजण्याची ही कल्पना फार सुंदर आहे.

(किराणा दुकान. गल्ल्यासमोर गर्दी.)

त्याच वर्षी एरिक ड्युमाझे या प्रोग्रामरनी लिनक्स या संगणक-प्रणालीत कोडेलला एक जोड दिली. ती समजायला हे दुकान पुरे. एक गिऱ्हाईक महिन्याची यादी घेऊन उभं आहे, मागे एका पोराला फक्त काडेपेटी हवी आहे. वाणी साखर तोलता तोलता काडेपेटी देऊन टाकतो. यादीवाल्याचं काही अडत नाही. 'एफक्यू-कोडेल' प्रत्येक संभाषणाची वेगळी रांग करतं आणि काडेपेटीवाल्याला आधी वाट देतं. मावशीचा आवाज म्हणजे काडेपेटी.

आता आमचा राउटर, म्हणजे मोडेमच्या अलीकडचा वायफायचा डबा. बऱ्याच राउटरमध्ये 'क्यूओएस' नावाचं पान असतं, तिथे एखाद्या फोनला पहिला मान देता येतो. मी आईच्या फोनला दिला. काही फरक पडला नाही, कारण रांग राउटरमध्ये नव्हतीच. ती पुढे, मोडेममध्ये लागत होती, आणि तिथे माझं काही चालत नाही.

म्हणून रांग आधी आपल्या ताब्यात आणायची. आमचा अपलोड वेग मोजला, ५ एमबीपीएस भरला. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं, त्यातली कोडेलसारख्या पद्धतीने रांग सांभाळणारी 'एसक्यूएम' ही सोय सुरू केली आणि वेग लिहिला ४.५. मुद्दाम थोडा कमी. आता अरुंद गळा राउटरचा झाला, मोडेममध्ये काही साचत नाही.

भिंतीपलीकडे सिग्नलच पोचत नसेल, तर याचा उपयोग नाही. आणि फायबरचा वेग खूप असेल, तर राउटरचा प्रोसेसर तेवढा ताकदीचा हवा, नाहीतर तोच दमतो.

(पुन्हा पिंगचे आकडे. मागे अपलोडची पट्टी सरकते आहे.)

रात्रीचे सव्वानऊ. २१. २३. २०. भावाच्या फाइलला आता सहा मिनिटं जास्त लागतात, त्याच्या ते लक्षातही आलं नाही. बाहेरच्या खोलीत मावशी डाळवांग्याला फोडणी कशी द्यायची ते सांगते आहे, आणि आई तिला मध्येच तोडून म्हणते, "नाही गं, आपली आई हिंग आधी घालायची."