पाण्याबाहेर आल्यानंतरचे तास

[दृश्य: नागपुरातला जलतरण तलाव, सकाळ. पाठीवर सिलिंडर बांधलेले चार-पाच जण पाण्यात उतरतात.]

नागपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी हिवाळा लागला की इथली मंडळी तारकर्ली, गोवा, अंदमान गाठतात आणि स्कूबा, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा घेत समुद्राखाली पोहणं, करून येतात. फोटो सगळ्यांना दाखवले जातात. त्या पाऊण तासात शरीरात काय घडलं, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आणि नागपूरकरानं सर्वांत जास्त जपायचे तास तर पाण्याबाहेर आल्यावरच सुरू होतात.

जमिनीवर आपल्या अंगावर एका वातावरणाएवढा दाब असतो. समुद्रात दर १० मीटरला त्यात आणखी एकाची भर पडते. १० मीटरवर दुप्पट, ३० मीटरवर चौपट. रक्त, स्नायू, हाडं हा दाब सहज पेलतात. दबते ती हवा: कानातली, सायनसमधली, फुप्फुसातली. तलावात दीड-दोन मीटर खाली गेलं तरी कान ठणकतो, तो यामुळेच.

[दृश्य: प्रशिक्षक काठावर बसून एका विद्यार्थिनीला नाक चिमटीत धरून दाखवतात.]

"ताई, कान दुखायची वाट नाही पाहायची. आधीच नाक दाबून हळूच फुंकायचं. नाहीच उघडला तर थोडं वर यायचं, जोर नाही लावायचा."

घशातून मधल्या कानाकडे जाणारी नळी उघडली की आतबाहेरचा दाब सारखा होतो. सर्दीत ती नीट उघडत नाही आणि पडदा फाटण्याची भीती असते. पैसे भरून झालेत म्हणून चोंदलेल्या नाकानं पाण्यात उतरू नका.

श्वासाचा नियम याहून कडक आहे. १० मीटरवर छाती भरून घेतलेला श्वास कुणी रोखून धरला आणि तसाच वर आला, तर पृष्ठभागापर्यंत ती हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटू शकतं, हवा रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकते. छाती पूर्ण भरलेली असेल तर सव्वा मीटरची खोलीसुद्धा यासाठी पुरते. म्हणून तलावातल्या पहिल्या धड्यापासून एकच घोकून घेतात: श्वास चालू ठेवा.

पाण्यात पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराला ते जास्तीचं वाटतं आणि लघवीला लागते. अंगातलं पाणी असं नकळत कमी होतं. हवेपेक्षा पाणी उष्णताही सुमारे २५ पट वेगानं वाहून नेतं. मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन सोसणारा माणूस कोमट समुद्रात तासाभरानं कुडकुडायला लागतो, तो त्यामुळे.

[दृश्य: समुद्राखाली डायव्हर. वर जाणारे बुडबुडे.]

आता नायट्रोजन. आपल्या श्वासातल्या हवेत तो ७८ टक्के असतो आणि जमिनीवर त्याचा काही त्रास नाही. दाब वाढला की तो रक्तात आणि चरबीत विरघळत जातो. ३० मीटरच्या आसपास काहींना त्याची गुंगी चढते, जरा वर आलं की ती उतरते. विरघळलेला वायू मात्र सावकाश बाहेर पडतो. घाईनं वर आलं तर अंगातच त्याचे बुडबुडे होतात: सांधे दुखतात, मुंग्या येतात, कधी पाय लुळे पडतात. दाबाच्या हवेत पुलांचे पाये खणणाऱ्या १९व्या शतकातल्या मजुरांनी हे भोगलं. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्यानं वर येण्याची कोष्टकं १९०८ साली मांडली. त्या मुक्या जनावरांचं ऋण आजच्या प्रत्येक डायव्हरवर आहे. आज मिनिटाला ९ मीटरच्या आतबाहेर वेग ठेवतात आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबतात.

तरीही बाहेर आलेल्या माणसाच्या अंगात जास्तीचा नायट्रोजन उरलेलाच असतो. अशात विमानात बसलं तर? केबिनमधला दाब २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका खाली येऊ शकतो, आणि उरलेल्या वायूला बुडबुडे करायला वाव मिळतो. म्हणून एका साध्या डाइव्हनंतर निदान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा सलग दिवस झाले असतील तर निदान १८ तास विमान टाळायचं. रविवारी दुपारी पाण्यात आणि संध्याकाळी गोव्याहून नागपूरची फ्लाइट, हा बेत चुकीचाच. सोमवारची रजा टाका.

गाडीनं परतणाऱ्यांनाही सूट नाही. ही ताकीद साधारण ६०० मीटर उंचीपासून लागू होते, आणि मालवणकडून येताना लागणारी आंबोली ६९० मीटरवर आहे. पर्यटकांच्या पहिल्या उथळ डाइव्हला हा धोका फार कमी. दिवसाला दोन-तीनदा खोल जाणाऱ्यांनी घाट दुसऱ्या दिवशी चढावा.

[दृश्य: नागपूर विमानतळ, बाहेर पडणारे प्रवासी.]

आणि घरी पोचल्यावर खांदा दुखू लागला, हात बधिर वाटला, चक्कर आली तर? बहुतेक लक्षणं २४ तासांच्या आत दिसतात. प्रवासाचा शीण म्हणून बाम चोळून झोपू नका. समुद्रापासून इतक्या दूर डॉक्टरांसमोर असा रुग्ण क्वचितच येतो, तेव्हा स्वतःहून सांगा: किती खोल गेलो, किती वेळा, शेवटचं बाहेर कधी आलो, विमान कधी पकडलं. शुद्ध ऑक्सिजन ताबडतोब सुरू व्हायला हवा. पुढचा उपचार दाबाच्या कोठडीत, म्हणजे आतला हवेचा दाब वाढवता येतो अशा बंद खोलीत होतो, आणि तिथवर नेताना पुन्हा उंचीवरच्या हवेत न्यायचं नसतं, हेही डॉक्टरांशी बोलून घ्या.