उन्हाळी आणि पेंगलेला राखणदार

(दृश्य: म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. सुक्या मिरच्या, मयड्याची केळी, कोकम.)

डिचोलीहून, पेडण्याहून पहाटेच्या बसने आलेल्या या बायका दुपारपर्यंत जागच्या हलणार नाहीत. माल कुणावर टाकायचा? म्हणून पाणी घोटभर प्यायचं, लघवी दाबून धरायची. मग कधीतरी जळजळ सुरू होते. घरी म्हणतात, "उन्हाळी लागली." धण्याचं पाणी होतं, शहाळं होतं. दवाखाना सगळ्यात शेवटी.

नाव उन्हाळी असलं, तरी दोष उन्हाचा नाही. पाणी कमी पडलं की मूत्राशय वरचेवर धुऊन निघत नाही, आणि जंतूंना तेवढंच हवं असतं.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली ई. कोलाय.)

हा ई. कोलाय नावाचा जंतू. १८८५ साली थिओडोर एशेरिष यांनी पहिल्यांदा नोंदवला. आतड्यात तो सहसा गुमान राहतो. मूत्रमार्गात शिरला की गोष्ट वेगळी. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा, वाट लांब नाही. मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक याच्याच नावावर आहेत.

(दृश्य: गावाच्या वेशीवरची राखणदाराची घुमटी, संध्याकाळ.)

गोव्यात गावागावाला राखणदार असतो. मूत्राशयालाही आहेत. आतल्या अस्तराच्या पेशींना जंतूच्या कवचातला एंडोटॉक्सिन हा विषारी घटक जाणवला की त्या हाकारा घालतात. इंटरल्यूकिन-६ आणि ८ ही त्या हाकेची रसायनं. रक्तातून न्यूट्रोफिल, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, धावत येतात आणि जंतू गिळू लागतात. लघवीच्या रिपोर्टात 'पस सेल्स' म्हणून ज्यांना बघून आपण दचकतो, ते बहुतेक हेच, आपलेच.

आता जंतूचा डाव. विष म्हटलं की मारणारं, असं आपण धरून चालतो. मूत्रमार्गात शिरणाऱ्या ई. कोलायच्या बऱ्याच जातींकडे हिमोलायसिन नावाचं विष असतं. भरपूर सुटलं तर ते पेशीच्या आवरणाला भोकं पाडून तिला फोडतं. पण थोडंसं सुटलं तर पेशी मरत नाही. तिच्या आतले निरोप मात्र अडतात आणि हाक घशातच राहते. मला तर हे थोडकं विषच जास्त कपटी वाटतं.

काही जाती टीसीपी-सी नावाचं प्रथिन सोडतात. त्याचा एक भाग आपल्याच निरोप्या प्रथिनांसारखा घडलेला असतो. तो माय-डी-८८ या दुव्याला जाऊन चिकटतो आणि निरोप तिथेच तुटतो. २००८ साली हे उलगडलं. वेशीवर कुणी राखणदाराचाच वेष घेऊन उभं राहावं, तसला प्रकार.

तिसरं, सीएनएफ-१. पेशीत 'ऱ्हो' नावाची बटणं असतात, चालू-बंद होणारी. हे विष ती चालूवरच अडकवून ठेवतं. पेशीचा सांगाडा वेडावाकडा होतो, आणि न्यूट्रोफिल जागेवर पोचले तरी त्यांना नीट गिळता येत नाही.

(दृश्य: बांबोळी, गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) बाह्यरुग्ण विभागाबाहेरची रांग.)

एवढ्या गडबडीत थोडे जंतू अस्तराच्या पेशींत शिरून बसतात. तिथे लघवीची धार पोचत नाही, बरीच औषधंही नीट पोचत नाहीत. पहिल्यांदा संसर्ग झालेल्या साधारण चौघींपैकी एकीला सहा महिन्यांत तो परत होतो. दरवेळी जंतू बाहेरूनच आलेला असतो असं नाही. म्हणून वारंवार त्रास होणाऱ्या बाईला डॉक्टर लघवीचं कल्चर करायला सांगतात: आत कोण आहे आणि तो कुठल्या औषधाला दबतो, ते आधी कळावं म्हणून.

(दृश्य: बाजार उठतो आहे. टोपलीशेजारी पाण्याची बाटली, अजून अर्धी भरलेली.)